आकड्यांची आकाशवाणी

रात्रीची निजानीज झाली आहे. दिवाणखान्यातल्या फळीवर, विणलेल्या रुमालाखाली, व्हॉल्व्हचा जुना रेडिओ आहे. बटण फिरवले की तो लगेच बोलत नाही. आधी तापतो, मग त्याचा हिरवा डोळा हळूहळू उजळतो. सिलोनची गाणी ऐकून घरची मंडळी झोपायला गेलेली असतात. मागे उरतो तो एखादा जागरणाचा नाद असलेला मुलगा. तो काटा केसाकेसाने सरकवीत असतो. कुठे मॉस्को लागते, कुठे बी.बी.सी., कुठे अजिबात न कळणाऱ्या भाषेतले गाणे. आणि या केंद्रांच्या मधे असते ती नुसती खरखर, शिट्या, आणि दूरच्या समुद्रासारखा एक घोष. ज्यांच्या घरी असा रेडिओ होता, त्यांना ही मौज नव्याने सांगायला नको.

या मधल्या खरखरीतच एक चमत्कारिक वस्ती होती; थोडीफार अजूनही आहे. युरोपातल्या रेडिओच्या छांदिष्टांना तेथे एक इंग्रजी लोकगीत सापडे. 'द लिंकनशायर पोचर' हे त्याचे नाव. पण गाणे पुरे होत नसे. त्याच्या सुरुवातीचे सूर तेवढे पुन्हा पुन्हा वाजत. मग एक स्त्री, अगदी यंत्रासारख्या आवाजात, पाच आकडे उच्चारी. तेच पाच आकडे दहा वेळा. पुन्हा ते सूर. मग घंटानाद, आणि त्यापाठोपाठ पाच-पाच आकड्यांचे दोनशे गट, प्रत्येक गट दोनदा. शेवटी पुन्हा घंटा, पुन्हा तेच सूर, आणि शांतता. सगळा कार्यक्रम पाऊण तासाचा. केंद्राचे नाव नाही, गावाचे नाव नाही. आकाशातून कोणी तरी पाढ्यांची वही वाचून दाखवावी, पण पाढा कोणत्या अंकाचा ते मात्र सांगू नये, असा हा प्रकार!

अशा केंद्रांना 'आकड्यांची केंद्रे' असे नाव पडले. कोणी जर्मनमध्ये आकडे वाचत, कोणी स्पॅनिशमध्ये, कोणी रशियनमध्ये. ही केंद्रे हेरांसाठी आहेत, हा तर्क करायला फार हुशारी लागत नव्हती. प्रश्न होता तो पुढचा: जे कोणालाही ऐकू येते, ते गुपित कसे राहते? आणि जे कधीच समजणार नाही, ते रात्र रात्र ऐकून वहीत उतरवणाऱ्या माणसांच्या हाती काय लागते?

* * *

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शाळेतल्या बेरजेइतके सोपे आहे. आपल्याकडे करपल्लवी आणि नेत्रपल्लवी होत्या. बोटांच्या वा डोळ्यांच्या खुणांनी भर सभेत दोघे बोलत आणि तिसऱ्याला पत्ता लागत नसे. पण तिसऱ्याने धीर धरून रोज पाहिले, तर त्या खुणा त्यालाही उमगत. आकड्यांच्या केंद्रांनी ही वाटच बंद केली.

समजा, पाठवायच्या मजकुराचे आकडे झाले ४ १ ७ २ ९. हेराजवळ एक लहानशी वही आहे आणि तिच्या आजच्या पानावर कसलाही क्रम नसलेले आकडे आहेत: ८ ६ ५ ३ ४. आता दोहोंची बेरीज करायची, पण हातचा सोडून द्यायचा. चार आणि आठ बारा, त्यातले दोन ठेवायचे. एक आणि सहा सात. सात आणि पाच बारा, पुन्हा दोन. दोन आणि तीन पाच. नऊ आणि चार तेरा, त्यातले तीन. आकाशातून ऐकू येतात ते हे आकडे: २ ७ २ ५ ३. हेर त्यातून आपल्या पानावरचे आकडे वजा करतो, मजकूर मिळवतो, आणि ते पान जाळून टाकतो. ते पान जगात दुसऱ्या एकाच ठिकाणी असते: पाठवणाराच्या टेबलावर. तिथेही ते पुन्हा वापरायचे नसते.

म्हणूनच या वहीला इंग्रजीत 'वन टाइम पॅड' म्हणतात. एकदाच वापरायची वही. ती हाताशी नसेल तर २७२५३ मधून कोणताही मजकूर काढता येतो. 'उद्या ये' असा निघेल, 'पळून जा' असाही निघेल. खरा कोणता हे ठरवायला काही साधनच नाही. ही लिपी फुटू शकत नाही, हे क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात सिद्ध करून दाखवले. त्यात रेडिओचा गुण असा की, ऐकणारा कोण आणि कुठे, हे पाठवणाऱ्याखेरीज कोणाला कळत नाही. पत्राला पत्ता लागतो, टेलिफोनची नोंद राहते, आणि आजच्या इंटरनेटवर तर पावलोपावली ठसे उमटतात. रेडिओ ऐकणाऱ्याचा ठसा मात्र कुठेच उमटत नाही. लघुलहरी आकाशातल्या विद्युद्भारित थरावर आपटून हजारो मैल दूर उतरतात. सगळ्या जगाला ओरडून सांगायचे आणि एकालाच कळायचे, अशी ही युक्ती आहे.

* * *

लिपी अभेद्य असली, तरी ती वापरणारी माणसे असतात. १९४२ साली, युद्धाच्या धांदलीत, सोव्हिएत कारखान्यातून वहीची हजारो पाने दोनदोनदा छापली गेली. एकदाच वापरायची पाने दोनदा वापरात आली. अमेरिकेत १९४३ मध्ये सुरू झालेल्या 'व्हेनोना' नावाच्या गुप्त कार्याला ही फट सापडली, आणि वर्षानुवर्षे खपून तिथल्या मंडळींनी त्या काळच्या काही संदेशांचे तुकडे वाचले. अणुबाँबची माहिती रशियाला देणारा शास्त्रज्ञ क्लाउस फुक्स याचा माग त्यातूनच लागला.

जानेवारी १९६१ मध्ये लंडनजवळच्या रायस्लिप येथे पोलिसांनी क्रोगर नावाच्या एका जोडप्याला पकडले. शेजाऱ्यांच्या लेखी ती जुन्या पुस्तकांचा व्यापार करणारी सुस्वभावी माणसे. पण घराची झडती दिवसच्या दिवस चालली. टेबलावर ठेवायच्या सिगारेट-लायटरच्या पोटात आकड्यांच्या वह्या निघाल्या आणि स्वयंपाकघराच्या जमिनीखाली बिनतारी यंत्र निघाले. ज्याच्याविषयी नुसता तर्क होता, ते सारे साहित्य लोकांसमोर आले.

पण सर्वांत विलक्षण कथा आहे ती वाढदिवसाची. १९५६ साली गुंटर गिलोम आणि त्याची बायको क्रिस्टेल हे पूर्व जर्मनीतून पश्चिम जर्मनीत राहायला आले. दोघेही पूर्वेचे हेर. त्या वर्षांत पूर्व जर्मनीचे हेरखाते आपल्या माणसांना रेडिओवरून आकड्यांत संदेश पाठवी. पण त्यांची तेव्हाची लिपी एकदाच वापरायच्या वहीइतकी पक्की नव्हती. पश्चिम जर्मनांनी ते संदेश टिपून ठेवले आणि पुढे ते उलगडलेही. त्यांत काय होते? एकाला वाढदिवसाच्या शुभेच्छा. काही महिन्यांनी त्याच्या बायकोला शुभेच्छा. आणि १९५७च्या एप्रिलमध्ये मुलगा झाल्याबद्दल अभिनंदन! मजकूर कळला, पण माणूस कोण ते कळेना. कागद दप्तरात पडून राहिले.

दरम्यान गिलोम राजकारणात चढत गेला आणि थेट चॅन्सेलर विली ब्रांट यांच्या कचेरीत जाऊन बसला. १९७३ साली एका अधिकाऱ्याने ते जुने कागद काढले आणि संशयितांच्या जन्मतारखा त्यांच्याशी ताडून पाहिल्या. नवऱ्याची तारीख जुळली, बायकोची जुळली, मुलाचीही जुळली. एप्रिल १९७४ मध्ये गिलोमला अटक झाली आणि मे महिन्यात ब्रांट यांना राजीनामा द्यावा लागला. परमुलखात एकाकी राहणाऱ्या आपल्या माणसाला वाढदिवशी बरे वाटावे, म्हणून कोणी तरी मायेने पाठवलेले ते दोन शब्द! सतरा वर्षांनी त्यांनीच घात केला. आणि हा शोध लागला तो कशामुळे? ज्यांचा अर्थ तेव्हा लागला नव्हता, असे कागद कोणी तरी फेकून दिले नव्हते, एवढ्यामुळे.

* * *

आता छांदिष्टांकडे येऊ. यांचे पूर्वज ब्रिटनमध्ये सापडतात. १९३९ साली युद्ध पेटताच तिथल्या हौशी रेडिओवाल्यांची प्रक्षेपणयंत्रे सरकारने काढून घेतली. मात्र त्यांचे सरावलेले कान सरकारला हवे होते. त्यातल्या सुमारे दीड हजार जणांना गुप्ततेची शपथ देऊन घरबसल्या काम दिले गेले. दिवसाची नोकरी सांभाळून यांनी रात्री कानांवर श्रवणयंत्र चढवायचे, अंधुक मोर्स संकेत शोधायचे, ऐकू येतील ती अक्षरे उतरवायची आणि कागद बार्नेट येथील एका पोस्टपेटीच्या पत्त्यावर धाडायचे. आपण कोणाचे ऐकतो आहोत, हे त्यांना सांगितलेले नव्हते. ते कागद जर्मन हेरखात्याच्या संदेशांचे होते आणि ब्लेचली पार्कमध्ये त्यांचा उलगडा होत होता. पुढे कित्येक वर्षे या मंडळींनी घरातही तोंड उघडले नाही. १९७९ साली बी.बी.सी.ने त्यांच्यावर चित्रपट दाखवला, तेव्हा कुठे ही गोष्ट चारचौघांत आली.

शीतयुद्धात आकड्यांची केंद्रे वाढली, तसे त्यांचे ऐकणारेही वाढले. या नव्या श्रोत्यांना कोणी काम दिले नव्हते. कोणत्या लहरीवर, कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या भाषेत, किती गट, हे ते वहीत मांडत आणि एकमेकांना पाठवत. १९९०नंतर ब्रिटनमध्ये त्यांचे एक मंडळ आणि वार्तापत्रही निघाले. १९९७ साली लंडनमध्ये 'द कोनेट प्रोजेक्ट' नावाने या केंद्रांच्या ध्वनिमुद्रणाच्या चार तबकड्या प्रसिद्ध झाल्या. अर्थ न कळणारे आकडे लोक पैसे देऊन ऐकू लागले!

या टिपणांतून काही गोष्टी पक्क्या झाल्या. 'पोचर'चा आवाज केव्हा जोरात येतो, कोणत्या दिशेने येतो, हे ताडून छांदिष्टांनी ते केंद्र सायप्रस बेटावरच्या आक्रोतिरी येथील ब्रिटिश तळावर असल्याचे ठरवले. ब्रिटिश सरकारने हे कधी कबूल केले नाही. २००८ साली मात्र ते सूर एकाएकी थांबले.

चुकाही झाल्या. पेटीतल्या खेळण्यासारख्या सुरांनी सुरू होणाऱ्या एका केंद्राला श्रोत्यांनी 'स्वीडिश रॅप्सोडी' असे नाव दिले होते. त्यातला आवाज लहान मुलीचा आहे, असे सारे समजत, आणि त्या मुलीविषयी नाना कथा उठल्या. पुढे कळले, ती चाल 'लक्झेंबर्ग पोल्का'ची होती, आवाज यंत्रातून निघत होता, आणि केंद्र चालवत होते पोलंडचे हेरखाते. हेतूचे आणि व्यक्तीचे तर्क असे कोसळले. वेळ, लहर आणि आकडे यांची टिपणे मात्र खरी ठरली.

त्यांचे मोल न्यायालयातही दिसले. अमेरिकेच्या लष्करी हेरखात्यातली वरिष्ठ अधिकारी आना मोंतेस ही क्यूबासाठी काम करत होती. तिला २००१च्या सप्टेंबरमध्ये पकडले. तिच्या संगणकात पाच-पाच आकड्यांचे दीडशे गट सापडले होते. अगदी तेच गट ६ फेब्रुवारी १९९९ रोजी 'आतेन्सिओन! आतेन्सिओन!' असे पुकारून एका स्त्रीने स्पॅनिशमधून आकाशात वाचले होते. त्या पुकाऱ्यावरून छांदिष्टांनी या केंद्राला 'आतेन्सिओन' हेच नाव दिले होते आणि ते वर्षानुवर्षे क्यूबाचे म्हणून ओळखत होते. आता त्यांचे म्हणणे सरकारी कागदावर उमटले.

* * *

लघुलहरींवरचे गुप्त केंद्र म्हटले की मराठी माणसाला वेगळेच काही आठवते. १९४२च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत उषा मेहता आणि त्यांचे सहकारी मुंबईत जागा बदलत 'काँग्रेस रेडिओ' चालवत होते. तिथे केंद्राचा पत्ता गुप्त होता आणि बोलणे सर्वांसाठी होते. आकड्यांच्या केंद्रात उलटे आहे: तिथला दांडगा मनोरा लपवता येत नाही, लपलेला असतो तो ऐकणारा. तरी दोहोंचा शेवट एकाच जागी येतो. मुंबईतही पोलिसांना ठिकाण कळले ते एका तंत्रज्ञाकडून. गणित आणि यंत्र शेवटपर्यंत इमान राखतात. उणे पडते ते माणसाकडे.

मग रात्र रात्र आकडे उतरवणाऱ्याच्या हाती काय लागले? त्या आकड्यांचा अर्थ कधीच नाही. पण ऐकले ते आणि तेवढेच लिहायचे, तर्काची भर घालायची नाही, आणि आज निरर्थक वाटते म्हणून फाडून टाकायचे नाही, ही सवय लागली. इतिहासाचा अभ्यासक जुन्या दप्तरापुढे बसतो तेव्हा त्याच्याकडून याहून वेगळे काय मागितले जाते?

क्यूबा, रशिया अशा देशांची काही केंद्रे आजही चालू आहेत. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचा रेडिओ खाली आलाच असेल, आणि तापल्यावर त्याचा डोळा उजळलाच, तर रात्री काटा फिरवून पाहावा. कुठे आकडे लागलेच तर मुलांच्या हाती वही-पेन्सिल द्यावी. तारीख, वेळ, लहर आणि आकडे लिहून घ्यावेत. अर्थ विचारू नये. ते पान मात्र जपून ठेवावे.