तापलेला आकडा

माझ्या पुतण्याचा मुलगा गेल्या महिन्यात मित्रांबरोबर गोव्याला जाऊन आला. पणजीला मांडवी नदीत कॅसिनोची जहाजे उभी असतात, तिथेही मंडळींची स्वारी गेली होती. घरी आल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, "आजोबा, रूलेटच्या चाकाचा एखादा भाग तापतो. मग गोळी सारखी तिथेच पडते. तिथल्या पाचसहा आकड्यांवर पैसे लावत राहायचे, बस्स! मागे कोणते आकडे आले ते तर तेच लोक पडद्यावर दाखवतात."

मला हसू आले नाही. साठेक वर्षांपूर्वी हीच गोष्ट मी स्वतः एका मोठ्या माणसाला सांगितली होती.

तेव्हा आमच्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, रूलेट कोणी ऐकलेही नव्हते. होता तो मटका. त्याचा जन्म कापसातला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव किती उघडला आणि किती बंद झाला, हे तारेने मुंबईला कळे आणि त्या आकड्यांवर लोक पैसे लावत. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तिथूनच आले. १९६१ मध्ये न्यूयॉर्कहून आकडे येणे बंद झाले. खरे तर जुगार तिथेच संपायला हवा होता, पण झाले उलटेच. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी मुंबईत आपापले मटके सुरू केले. आधी मडक्यातून चिठ्ठी निघे, पुढे पत्त्यांची तीन पाने काढून त्यांच्या बेरजेचा शेवटचा अंक धरू लागले. कापूस गेला, आकडा राहिला! जुगारबंदीचा कायदा १८८७ सालापासून होताच, पण आकडा गावोगावच्या पानटपऱ्यांपर्यंत पोहोचायचा तो पोहोचलाच.

माझे मामा कापसाच्या अडतीवर हिशेबनीस होते. हिशेबात एका पैशाची चूक नाही, असा माणूस. मी त्यांच्याकडे शिकायला होतो, अक्षर बरे होते. मामांनी मला एक वही दिली आणि रोज ओपनचा आकडा तारखेसह लिहायला सांगितले. दोन महिन्यांनी मी सहज मोजदाद केली. साठ दिवसांत सात हा आकडा दहा वेळा आला होता! वाट्याला यायला हवे होते सहा. मी धावत जाऊन मामांना सांगितले. त्यांनी सातावर पाच रुपये लावले आणि दुसऱ्याच दिवशी पंचेचाळीस घेऊन आले. मला त्यांनी शाईचे पेन आणले. इतका आनंद मला मॅट्रिक पास झाल्यावरही झाला नाही.

त्यानंतर दोन वर्षे मामा वहीवर चालले. वहीत एखादा आकडा वरचेवर आला की म्हणत, तापला आहे, लावा. एखादा बरेच दिवस आला नाही की म्हणत, आता त्याची पाळी आली, लावा. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत, हे त्यांच्यासारख्या हिशेबी माणसाला दिसले नाही. मलाही दिसले नाही. मामींच्या पाटल्या गेल्या, मग पोत गेली. सात हा आकडा मी शोधला होता, हे मी घरात कोणालाही सांगितले नाही.

गणित पुढे कळले. दहा आकड्यांना सारखी संधी असली तरी साठ दिवसांच्या वहीत एखादा आकडा दहा किंवा जास्त वेळा येणे ही अगदी साधी गोष्ट आहे. अशा दोन वह्या घेतल्या तर साधारण एकीत ते दिसेलच. शिवाय आकडा लागला तर रुपयाचे नऊ मिळत, संधी मात्र दहातली एक. म्हणजे शंभर रुपये फिरले की सरासरीने दहा मालकाचे. रूलेटच्या एका शून्याच्या चाकावर ३७ घरे असतात आणि लागलेल्या आकड्याला पदरचा धरून ३६ पट मिळतात. तिथे शंभरामागे पावणेतीन रुपये जातात. कुठल्याही आकड्यावर लावा, वजावट तीच.

मग वही कधीच उपयोगी पडत नाही का? पडते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधल्या यॉर्कशरचा जोसेफ जॅगर नावाचा, कापडगिरणीच्या धंद्यातला माणूस माँटे कार्लोला गेला. त्याने कारकून ठेवून तिथल्या चाकांचे आकडे टिपून घेतले आणि एका चाकावर नऊ आकडे जास्त येतात हे ओळखले, असे सांगतात. त्याने मोठी रक्कम जिंकली. पण तो काही आकड्यांच्या नशिबावर खेळत नव्हता. यंत्राचा आस जरासा झिजला की ते कसे एका अंगाला कलते, हे त्याला गिरणीमुळे ठाऊक होते. त्याच्या वहीमागे एक वाकडे चाक होते. माझ्या वहीमागे काहीच नव्हते. काल निघालेल्या पानांना आजच्या पानांची ओळखसुद्धा नसते.

पुढे मी जन्मभर इतिहास शिकवला. इतिहास म्हणजे तरी काय, मागच्या गोष्टींची वहीच. वर्गात मी मुलांना पाणचक्कीचे उदाहरण देत असे. चक्की काल फिरली म्हणून आज फिरत नाही. डोंगराकडून जमिनीखालून नहर आणली आहे, तिचे पाणी पडते म्हणून फिरते. एखादी गोष्ट चार वेळा घडली म्हणून पाचव्यांदा घडेल असे म्हणू नका, आधी नहर दाखवा. मुलांना वाटे सर पाणचक्की शिकवत आहेत. मला मात्र मामांची वही दिसत असे.

हे सगळे मी त्या मुलाला सांगितले. तो म्हणाला, "पण आजोबा, जॅगरसारखे एखादे चाक आजही वाकडे असेल की."

मी म्हटले, "असेल, तर ते आधी मालकाला कळेल. शेकडो, हजारो फेऱ्यांची वही त्याच्याकडे आहे, तुझ्याकडे पडद्यावरचे दहावीस आकडे. आणि ज्या वहीने आपला तोटा होईल, ती वही कोणता दुकानदार गिऱ्हाइकापुढे उघडून ठेवील?"

तो गप्प बसला. मामांना किती गेले हे आमच्या घरात कधी कोणी विचारले नव्हते. वडीलधारे, कसे विचारायचे? विचारले असते तर कदाचित पोत तरी राहिली असती. म्हणून या मुलाला मी विचारलेच, "तुझे किती गेले?"

आकडा सांगायला त्याला बराच वेळ लागला.

असो.