गंगाथडीचे आपेगाव

दिवाळी आली की मला आजोळ आठवते. पैठणच्या वरच्या अंगाला, नदीकाठी वसलेले ते एक लहानसे खेडे होते. आमच्याकडे गोदावरीला गोदावरी म्हणण्याची रीत नाही. ती गंगाच, आणि तिच्या काठचा मुलूख म्हणजे गंगाथडी. नरकचतुर्दशीच्या पहाटे आजी गंगेचे पाणी तापवी आणि थंडीने कुडकुडणाऱ्या आम्हा पोरांना एकेक करून चौरंगावर बसवी. आज ते गाव नाही. 18 ऑक्टोबर 1965 रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडी धरणाची कोनशिला बसली आणि 24 फेब्रुवारी 1976 रोजी इंदिरा गांधींनी त्याचे उद्‍घाटन केले. सुमारे दहा किलोमीटर लांबीच्या त्या बांधामागे पाणी चढत गेले आणि शंभराहून अधिक गावे त्याखाली गेली. त्यातच माझे आजोळ गेले. घर सोडताना आजीने बैलगाडीत सर्वांत आधी जाते चढवले होते, एवढे मला स्पष्ट आठवते.

तेव्हापासून आजोळची फार आठवण झाली की मी आपेगावला जातो. ते पैठणच्या पूर्वेला, धरणाच्या खालच्या अंगाला आहे, म्हणून वाचले. तीच काळी जमीन, तोच नदीचा काठ, ज्वारी-बाजरीची, कपाशीची आणि तुरीची तीच शेते. पाण्याची सोय झाल्यापासून ऊस आणि मोसंबी आली, एवढाच काय तो फरक.

आपेगावचे नाव महाराष्ट्रात ठाऊक आहे ते ज्ञानदेवांमुळे. त्यांच्या घराण्याकडे या गावचे कुलकर्ण होते. पणजोबा त्र्यंबकपंतांची समाधी गावात दाखवतात. आजोबा गोविंदपंत आणि वडील विठ्ठलपंत येथलेच. विठ्ठलपंतांचे मन मात्र वतनात रमले नाही. आळंदीच्या सिधोपंतांची कन्या रुक्मिणी त्यांची पत्नी. आईवडील निवर्तल्यावर ते सासऱ्यांबरोबर आळंदीला गेले, तेथून काशीला जाऊन त्यांनी संन्यास घेतला आणि गुरूंच्या आज्ञेवरून ते पुन्हा संसारात परतले. पुढे त्या संन्याशाच्या मुलांना शुद्धिपत्रासाठी पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे उभे राहावे लागले, ही कथा घरोघरी सांगितली जाते. ज्ञानदेवांचा जन्म शके 1197 मधला, म्हणजे 1275 सालचा, असे मानतात. तो आपेगावी झाला की आळंदीस, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तो वाद सोडवण्याची माझी योग्यता नाही. पण हे कूळ या मातीतले, याबद्दल कोणाचेच दुमत नाही.

मला नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. कुलकर्णी म्हणजे गावचे दप्तर राखणारा. कोणाची जमीन किती, सारा किती, बाकी किती, हे त्याने लिहायचे. शेतकऱ्याचे नाव इतिहासात आले ते बहुधा असे, वसुलीच्या रकान्यात. पैठणचेच पाहा. सातवाहनांची ही राजधानी. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे की, भडोचपासून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण लागते आणि तेथून गाड्या भरभरून गोमेद रत्ने बंदराकडे जातात. त्या गाड्यांना जुंपलेले बैल कोणाच्या गोठ्यातले होते, ते मात्र तो सांगत नाही. ते सांगितले सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीने. महाराष्ट्री प्राकृतातल्या त्या सुमारे सातशे गाथांत राजवाडा क्वचितच दिसतो. दिसतात ते नांगरणारे कुणबी, शेत राखणाऱ्या पोरी आणि गोदेचा काठ.

हाच वारसा बाराशे-तेराशे वर्षांनी या कुलकर्ण्यांच्या मुलाने उचलला. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, नेवाशाला त्याने गीतेवर टीका सांगितली. तत्त्वज्ञान मोठे; पण ते समजावण्यासाठी त्याने हाताशी घेतले ते बी, पेरणी, पीक आणि पाट. भक्ताने कसे असावे? तर माळी नेईल तिकडे जे निमूटपणे जाते, त्या पाण्यासारखे. ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या शेताचा सारा मोजला, त्या घरातल्या मुलाला त्या शेतात वाहणारे पाणी दिसले, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

मागच्या खेपेला आपेगावच्या शिवारात हिंडताना हाच दृष्टांत माझ्या मनात घोळत होता. एक वृद्ध शेतकरी उसाला पाणी देत होते. धरणाच्या खाली आपेगावाजवळ नदीवर उंच बंधारा झाला आहे. त्याच्या फुगवट्यातून मोटारीने उचललेले पाणी सरीसरीने पुढे सरकत होते. ते फावड्याने एक दारे मोडत आणि दुसरे धरत. पाणी खरोखरच निमूटपणे वळत होते.

मी म्हटले, "बाबा, आता पाण्याची चिंता नाही म्हणायची."

ते हसले. "चिंता कशी नाही? वरून सुटलं तर खाली येतं. धरणातच नसलं, तर आम्ही काय करावं?"

खरेच होते. नाथसागराची साठवण सुमारे 102 टीएमसी, डावा कालवा 208 किलोमीटरांचा, उजवा 132 किलोमीटरांचा. पण आभाळाने पाठ फिरवली की हे आकडे कागदावरच राहतात. 2016 च्या उन्हाळ्यात मृतसाठ्यावर दिवस काढावे लागले. उलट ऑगस्ट 2006 मध्ये धरणातून एवढे पाणी सोडावे लागले की पैठण शहरात पूर शिरला. वर नाशिक आणि अहिल्यानगरची धरणे, खाली मराठवाडा. या पाण्याच्या समन्यायी वाटपासाठी 2005 साली कायदा झाला, तरी दुष्काळी वर्षी तंटा उभा राहतोच. पाणी अजूनही माळी नेईल तिकडेच जाते. माळी मात्र आता पुष्कळ झाले आहेत.

बोलता बोलता मी त्यांना माझे आजोळ कुठे होते ते सांगितले. त्यांचा हात थांबला. फावडे बांधावर टेकवून ते क्षणभर उभे राहिले.

"म्हणजे तुमचं गाव बुडालं, तवा आमचा ऊस उभा राहिला," ते म्हणाले. "वहाणा काढा. हातपाय धुवा. तुमच्या आजीच्या दारातलं पाणी हाये हे."

मी सरीत उतरलो. पाणी गार होते. पायाखालची काळी माती अगदी आजोळच्या मातीसारखी बोटांत शिरली. निघताना त्यांनी दोन ऊस मोडून माझ्या हाती दिले. रिकाम्या हाताने कोणाला शिवाराबाहेर जाऊ द्यायचे नाही, ही गंगाथडीची रीत.

आजीचे जाते आजही माझ्या घरी आहे. त्यावर आता कोणी दळत नाही. पण त्या दिवाळीला लक्ष्मीपूजन झाल्यावर मी एक पणती त्या जात्याजवळ लावली आणि शेजारी आपेगावच्या उसाचे एक कांडे ठेवले.