ड्रॅग पूर्वदृश्य

ड्रॅग पूर्वदृश्य म्हणजे संगणकाच्या पडद्यावरील फाइल, चित्र, मजकूर किंवा विंडो माउसने ओढत असताना कर्सरसोबत सरकणारी त्या वस्तूची प्रतिमा होय. काय ओढले जात आहे, ते कोठे सोडता येईल आणि बटण सोडल्यावर काय घडेल, हे वापरकर्त्याला आधीच कळावे, हा तिचा हेतू असतो.

इतिहास

१९८४ साली आलेल्या ॲपल मॅकिंटॉश संगणकात विंडो किंवा आयकॉन ओढताना केवळ त्याची बाह्यरेषा सरकत असे. या संगणकाची मेमरी १२८ किलोबाइट होती. ५१२ × ३४२ पिक्सेलच्या कृष्णधवल पडद्याचे चित्रच तिच्यातील सुमारे २२ किलोबाइट व्यापत असे. प्रत्येक हालचालीसरशी संपूर्ण विंडो नव्याने रेखाटणे सुमारे ८ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरला जड गेले असते. बाह्यरेषा मात्र तिच्या मार्गातील पिक्सेल उलटे करून काढली जाई. तीच रेषा त्याच जागी पुन्हा काढली, की मूळ चित्र जसेच्या तसे परत येई. विंडोज ९५ मध्येही मूळ पद्धत बाह्यरेषेचीच होती. आतील मजकुरासह विंडो ओढण्याची सोय 'मायक्रोसॉफ्ट प्लस!' या स्वतंत्रपणे विकल्या जाणाऱ्या संचातून मिळाली.

स्वरूप आणि उपयोग

आजच्या प्रणालींमध्ये ही प्रतिमा बहुधा अर्धपारदर्शक असते, त्यामुळे तिच्याखालील जागा दिसत राहते. अनेक फाइली एकत्र ओढल्यास त्यांची संख्याही दाखवली जाते. विंडोजमध्ये फाइल त्याच ड्राइव्हवरील दुसऱ्या फोल्डरमध्ये ओढल्यास ती मूळ जागेवरून हलते; दुसऱ्या ड्राइव्हवर ओढल्यास तिची प्रत तयार होते. हाताची कृती एकच असली, तरी परिणाम भिन्न असतो. म्हणून प्रतिमेशेजारी अधिक चिन्ह, बाण किंवा शब्दांत सूचना दिली जाते आणि निषिद्ध जागी तिरपी रेघ असलेले वर्तुळ दिसते. सूचना अपेक्षेप्रमाणे नसल्यास एस्केप कळ दाबून कृती रद्द करता येते. संकेतस्थळांवर ब्राउझर अशी प्रतिमा आपोआप तयार करतो. एचटीएमएल ५ मधील 'सेट ड्रॅग इमेज' या पद्धतीने ती बदलता येते.

मर्यादा

दूरस्थ संगणकावर काम करताना पूर्ण प्रतिमा सतत पाठवल्याने जोडणीवर ताण येतो. त्यामुळे विंडोजमध्ये ओढताना विंडोतील मजकूर न दाखवण्याचा पर्याय आजही आहे. दृष्टिहीनांना केवळ दृश्य सूचनेचा उपयोग होत नाही, तर हात थरथरणाऱ्या व्यक्तींना बटण दाबून धरणेच कठीण जाते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या सुगम्यता निकषांनुसार, ओढणे अपरिहार्य नसेल तेथे तेच काम न ओढता, साध्या क्लिकनेही करता आले पाहिजे.