गाळलेली सत्तावीस मिनिटं

'अ स्टार इज बॉर्न' (१९५४) मी ब्लू-रेवर पहिल्यांदा लावला, तेव्हा पूर्वार्धात एका जागी चित्र अडकलं. आवाज चालू होता, पात्रं बोलत होती, पण पडद्यावर एकच फोटो. थोड्या वेळाने दुसरा फोटो. मी डिस्क काढली, चष्म्याच्या फडक्याने पुसली, परत लावली. पुन्हा तेच. पैसे पाण्यात गेले म्हणून चरफडत इंटरनेटवर शोधलं, तेव्हा कळलं की डिस्क उत्तम आहे. भोक चित्रपटातच आहे. आणि ते कुणीतरी मुद्दाम, सगळ्यांना दिसेल असं ठेवलं आहे.

तो 'कुणीतरी' म्हणजे रोनाल्ड हेवर. जुने हॉलिवूडपट डिस्कवर जमवण्याचा नाद मला कॉलेजात लागला. आज कपाटात दोनशेच्या आसपास डिस्क आहेत. त्या जमवताना या माणसाचं नाव दोन वेगळ्या वाटांनी माझ्यापर्यंत आलं. दोन्ही वाटा सांगतो.

सप्टेंबर १९५४मध्ये हा चित्रपट हॉलिवूडमध्ये झळकला तेव्हा तो १८१ मिनिटांचा होता. जूडी गार्लंडचं पुनरागमन, वॉर्नर ब्रदर्सचा प्रचंड खर्च, समीक्षकांची वाहवा. पण तीन तासांच्या चित्रपटाचे दिवसाला खेळ कमी होतात, अशी थिएटरवाल्यांची कुरकुर सुरू झाली. स्टुडिओने कात्री घेतली आणि १५४ मिनिटांवर आणलं. सत्तावीस मिनिटं गेली. दिग्दर्शक जॉर्ज क्यूकर तेव्हा तिथे नव्हताच. पुढच्या 'भोवानी जंक्शन' या चित्रपटासाठी जागा बघायला तो आपल्याकडे भारतात आला होता. (तो चित्रपट शेवटी लाहोरला चित्रित झाला, हा निराळा विषय.) त्याच्या पाठीमागे गाणी गेली, नायक-नायिकेची ओळख मुरत जाते ते प्रसंग गेले. नुसत्या प्रिंट कापल्या असत्या तर गोष्ट वेगळी. मूळ निगेटिव्हही कापली गेली.

आज हे वाचून आपण हळहळतो, पण त्या काळाचा हिशेब साधा होता. थिएटरातून उतरलेला चित्रपट म्हणजे कालचं वर्तमानपत्र. १९५०च्या सुमारापर्यंत फिल्म नायट्रेटची असायची. ती भडकन पेट घेते, नीट ठेवली नाही तर कुजते आणि सांभाळायला जागा खाते. उलट वितळवली तर तिच्यातून चांदी मिळते. लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेत बनलेल्या जवळपास अकरा हजार मूक कथापटांपैकी मूळ स्वरूपात टिकलेले फक्त १४ टक्के निघाले. त्या मानाने 'अ स्टार इज बॉर्न'चं नशीब चांगलंच म्हणायचं.

हेवर लॉस एंजेलिसच्या कला संग्रहालयाच्या चित्रपट विभागाचा प्रमुख होता. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्करवाल्या अकादमीच्या पाठबळाने तो वॉर्नरच्या गोदामांत शिरला. डबे उघडत, लेबलं वाचत, चुकीच्या नावाखाली ठेवलेली रिळं तपासत तो शोधत राहिला. हाती लागला तो मूळ लांबीचा संपूर्ण ध्वनिपट. काही कापलेली दृश्यं आणि गाणीही सापडली. 'लूज दॅट लाँग फेस' हे त्यातलंच एक. पण काही प्रसंगांचा फक्त आवाज उरला होता, चित्र गेलं ते गेलंच.

इथे हेवरपुढे तीन पर्याय होते. ते प्रसंग वगळायचे; नाहीतर काहीतरी नवं चित्रित करून भोक बुजवायचं; नाहीतर भोक दाखवायचं. त्याने तिसरा निवडला. चित्रीकरणाच्या वेळी काढलेली स्थिरचित्रं शोधून त्याने ती आवाजाखाली लावली. १७६ मिनिटांची ही आवृत्ती जुलै १९८३मध्ये न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये दाखवली गेली. क्यूकरला ती पाहता आली नाही. त्याच वर्षी जानेवारीत तो गेला होता.

आता दुसरी वाट. १९८४ साली क्रायटेरियन नावाच्या नव्या कंपनीने 'सिटिझन केन' आणि 'किंग काँग' हे दोन चित्रपट लेझरडिस्कवर आणले. लेझरडिस्क म्हणजे जेवणाच्या ताटाएवढी चकती. तिच्यावर आवाजाच्या दोन वाहिन्या असत. जुन्या मोनो चित्रपटाला एकच पुरे, म्हणून दुसरी रिकामी राहायची. 'किंग काँग'च्या त्या रिकाम्या वाहिनीवर हेवरचं बोलणं टाकलं गेलं. चित्रपट चालू असताना शेजारी बसून एखादा जाणकार सांगत जातो, तसं. डिस्कवरची ही पहिली 'ऑडिओ कॉमेंटरी' मानली जाते. म्हणजे हरवलेलं चित्र आणि उरलेला आवाज यांची मोट बांधणाऱ्याच माणसाने पुढच्या वर्षी शाबूत चित्राला दुसरा आवाज दिला. १९९३ साली हेवर वारला. डीव्हीडी बाजारात यायला अजून चार वर्षं होती.

हे सगळं घरोघरी पोचलं ते मात्र ज्ञानप्रसारासाठी नव्हे, पैशासाठी. १९७५ साली सोनीने बीटामॅक्स आणला, तेव्हा युनिव्हर्सल आणि डिस्नेने कोर्ट गाठलं. लोक घरी रेकॉर्ड करू लागले तर आमचा धंदा बुडेल, हा दावा. जानेवारी १९८४मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा काठावरच्या बहुमताने सोनीच्या बाजूने निकाल दिला. दरम्यान १९७७मध्येच 'मॅग्नेटिक व्हिडिओ' या छोट्या कंपनीने फॉक्सच्या पन्नास चित्रपटांचे हक्क घेऊन कॅसेटी विकायला सुरुवात केली होती. पुढच्या काही वर्षांत ज्या यंत्राविरुद्ध स्टुडिओ लढले, त्याच यंत्राच्या जिवावर ते गब्बर झाले. जुन्या चित्रपटाला चांदीपलीकडे नवी किंमत आली. आणि गिऱ्हाईक चांगली प्रत मागू लागलं, म्हणून रिस्टोरेशनला बजेट मिळू लागलं. संग्राहकांची हौस आणि स्टुडिओंचा लोभ अशी ही युती होती. तिच्यातून जे वाचलं ते थोडंथोडकं नाही.

इंजिनिअर म्हणून माझा सगळ्यात आवडता प्रकार टेक्निकलरचा. १९३२पासून वापरात आलेल्या तीन पट्ट्यांच्या कॅमेऱ्यात रंगीत फिल्म नसायचीच. भिंगातून येणारा प्रकाश लोलकाने दुभंगून तीन कृष्णधवल निगेटिव्ह एकाच वेळी उमटत. लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाची नोंद वेगवेगळी. रंग प्रिंट छापताना येई. याचा अनपेक्षित फायदा म्हणजे १९५० नंतरच्या रंगीत निगेटिव्ह फिकट पडत गेल्या, पण टेक्निकलरच्या निगेटिव्हमध्ये रंगच नव्हता, तो उडणार कुठून? तोटा असा की फिल्म वर्षानुवर्षं आकसते आणि तिन्ही पट्ट्या सारख्या आकसत नाहीत. एकावर एक ठेवल्या की नटाच्या ओठांना, टोपीला लाल-हिरवी किनार दिसते.

२००१मध्ये एओएल आणि टाइम वॉर्नर एकत्र आल्या. कॉर्पोरेट इतिहासात ते लग्न फसल्याचं उदाहरण म्हणून सांगतात. पण त्या मोडक्या संसारातून एक गोष्ट निघाली. एओएलमधल्या शॅरन आणि केरन पर्लमटर या बहिणींनी वॉर्नरच्या लोकांसोबत या तीन नोंदी जुळवण्याचं सॉफ्टवेअर लिहिलं. साध्या भाषेत सांगायचं तर एक नोंद प्रमाण मानायची, बाकीच्या दोन तिच्यावर ताणून-आवळून चपखल बसवायच्या, आणि हे प्रत्येक फ्रेमसाठी करायचं. 'सिंगिंग इन द रेन'ची २००२ची डीव्हीडी अशी तयार झाली. त्याची मूळ निगेटिव्ह १९७८ साली रॉचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन हाउसमधल्या आगीत गेली होती, त्यामुळे जपून ठेवलेल्या दुय्यम प्रतींवर काम करावं लागलं. पाठोपाठ 'रॉबिन हूड', 'गॉन विथ द विंड', 'विझर्ड ऑफ ऑझ' आले. रोज ऑफिसात दोन लोकांनी बिघडवलेला कोड एकत्र जुळवत बसणाऱ्या मला ही कहाणी फार धीर देते.

पण जुळवणं कुठे संपतं आणि लुडबूड कुठे सुरू होते? 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'च्या १९८९च्या आवृत्तीत रॉबर्ट हॅरिसला काही दृश्यं सापडली, त्यांचा आवाज मात्र नव्हता. हेवरच्या बरोबर उलट अडचण. पीटर ओ'टूलला सत्तावीस वर्षांनी परत माइकपुढे उभं केलं. जॅक हॉकिन्स हयात नव्हता, त्याच्या संवादांसाठी चार्ल्स ग्रेचा आवाज घेतला. हे बहुतेकांना मान्य झालं. हॅरिस आणि जेम्स कॅट्झ यांनी १९९६मध्ये 'व्हर्टिगो'साठी पावलांचे, बंदुकांचे, दारांचे आवाज नव्याने ध्वनिमुद्रित केले, तेव्हा मात्र हिचकॉकप्रेमी खवळले. नंतरच्या डिस्कवर जुना मोनो आवाजही पर्याय म्हणून दिला गेला, हे बरं झालं.

आपल्याला हा वाद नवा नाही. एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती शके १५०६मध्ये. पाठ तपासले, घुसलेलं काढलं आणि यात आपली ओवी मिसळू नका अशी ताकीदही देऊन ठेवली. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत पाठभेद पानाखाली छापलेले असतात, म्हणजे संपादकाने काय निवडलं आणि काय टाकलं हे वाचकाला दिसतं. चांगली डिस्क माझ्या मते तशीच असते. दोन आवृत्त्या, दोन आवाज, काय केलं याची कबुली. स्ट्रीमिंगवर ही तळटीप गळते. 'द फ्रेंच कनेक्शन'मधला काही सेकंदांचा, शिवीगाळीचा तुकडा २०२३मध्ये स्ट्रीमिंगच्या प्रतीतून गायब झाल्याचं प्रेक्षकांनीच हेरलं. तोपर्यंत कुणी काही सांगितलेलं नव्हतं. जुनी डिस्क असलेल्यांना तुलना तरी करता आली.

हा सगळा तात्त्विक ऐवज गेल्या दिवाळीत माझ्या अंगावर आला.

आईबाबांच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट माळ्यावर सापडली. चार पावसाळ्यांची बुरशी चढलेली. एका दुकानात डिजिटल करायला दिली. परत आलं ते असं: लग्न लागेपर्यंत ठीक, आणि पुढची बाराएक मिनिटं चित्राच्या जागी नुसती खरखर. आवाज मात्र आहे. व्हीएचएसमध्ये आवाजाची पट्टी टेपच्या कडेला वेगळी असते, तेवढी वाचली. त्या बारा मिनिटांत माझी आजी उखाणा घेते. मी दोन वर्षांचा असताना ती गेली. तिचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

धाकटी बहीण म्हणाली, "दादा, आता एआयने चेहरे हलवता येतात. अल्बममधल्या फोटोंवरून आजीचा व्हिडिओ बनवून टाक ना, आईला केवढं बरं वाटेल!" करणं अवघड नव्हतं. एका रात्रीचं काम. मी एक तुकडा करूनही पाहिला. आजी मान हलवत होती, हसत होती. चांगलं जमलं होतं, म्हणूनच भीती वाटली. दहा वर्षांनी आमच्या घरात कुणालाच सांगता आलं नसतं की आजी खरंच अशी हसायची का.

मी तो तुकडा पुसला. अल्बममधले फोटो स्कॅन केले आणि आवाजाखाली एकेक लावले. जिथे फोटोही नव्हता तिथे काळा पडदा ठेवला आणि खाली लिहिलं, 'चित्र उपलब्ध नाही'. खराब झालेली मूळ फाइल शेजारी तशीच ठेवली. तीन हार्ड डिस्कवर प्रती आहेत, एक बहिणीकडे पुण्याला. माझ्या कपाटातल्या दोनशे डिस्कचं काय होईल माहीत नाही. अमेरिकेत बेस्ट बायसारख्या मोठ्या दुकानाने २०२४मध्ये त्या विकणंच बंद केलं. चकत्याही अमर नसतात, थर सुटतो, एखादी आजच उघडत नाही. पण हेवरकडून शिकलो ते एवढंच की भोक बुजवण्याआधी ते नीट दाखवावं. उद्या कुणाला उरलेलं सापडलं, तर ते कुठे बसवायचं हे कळलं पाहिजे.

आईला दाखवलं तेव्हा फोटो आल्या आल्या तिने विचारलं, "अडकलं का रे?"

"नाही," म्हटलं, "आवाज ऐक."

ती पुढे सरकून बसली. काळा पडदा आला आणि आजीचा उखाणा सुरू झाला. आई डोळे मिटून ऐकत राहिली. मग म्हणाली, "हे म्हणताना तिने पदर दाताखाली धरला होता." हे कुठल्याच फोटोत नाही. मी फाइलच्या शेजारी एक टिपण करून ते लिहून ठेवलं. तारीख घातली, आणि कुणी सांगितलं तेही.