कडू थेंबांचा इतिहास

कडवटपणाचा तिटकारा मनुष्यास जन्मतःच असतो; तथापि तोच कडवटपणा पैसे मोजून कुपींत जतन करणाराही मनुष्यच. 'अँगोस्टुरा बिटर्स' या अर्काची कथा आम्हांस याचसाठीं मननीय वाटते. बोलिव्हारच्या सैन्यांतील जर्मन शल्यवैद्य योहान सीगर्ट यानें व्हेनेझुएलांत, ओरिनोको नदीकांठच्या अँगोस्टुरा शहरीं, इ. स. १८२४ मध्यें पोटाच्या विकारांवर हें औषध सिद्ध केलें. त्यांतील जेन्शियनचें मूळ आपल्या काडेचिराइताच्याच कुळांतलें. मद्य, साखर, पाणी व बिटर्स अशी 'कॉकटेल'ची व्याख्या न्यूयॉर्क प्रांतांतील एका पत्रांत १८०६ सालींच छापली गेली होती. तेव्हां औषधाला पेल्याची वाट आयतीच सांपडली. योजना मात्र तारतम्यानें करावी: व्हिस्कीस मसालेदार अर्क मानवतो, जिनला नारिंगाच्या सालीचा. दोनचार थेंब अतिगोडी आवरतात, मुरंब्याची वा रश्शाची रुचि उठावदार करतात. अधिक पडल्यास सारेंच बिघडतें.

१८४६ सालीं त्या शहरास बोलिव्हारचें नांव मिळालें. पुढें कारखानाही त्रिनिदादला गेला. राज्यकर्त्यांनीं नकाशावरून पुसलेलें नांव कुपीवरील चिठ्ठीनें राखलें. इतिहास केवळ ताम्रपटांत शोधणाऱ्या आम्हां अध्यापकांनीं हें विसरूं नये.