लहान दिवाणखान्यातील स्पीकर : निवड आणि मांडणी

मुंबई-पुण्याच्या सदनिकांमध्ये दिवाणखाना म्हणजे बहुधा दहा फूट रुंद आणि पंधरा फूट लांब अशी खोली. सोफा, दूरचित्रवाणी संच, जेवणाचे टेबल आणि मुलांचा अभ्यास हे सारे तिच्यातच सामावलेले असते. उत्तम संगीत ऐकण्याची हौस असलेला गृहस्थ दुकानात जातो, तेथील ऐसपैस दालनात छातीएवढ्या उंचीचे स्पीकर ऐकून भारावतो आणि बरीच रक्कम मोजून ते घरी आणतो. घरी मात्र डग्गा नुसता घुमत राहतो आणि गायकाचा आवाज त्या घुमण्याखाली दबतो. स्पीकर बहुतेक वेळा निर्दोष असतात. त्यांचा खोलीशी मेळ बसलेला नसतो.

याचे कारण साध्या गणितात आहे. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४४ मीटर वेगाने जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या कंपनाची बरोबर अर्धी लहर मावते, ते कंपन त्या खोलीत अवाजवी फुगते. दहा फूट रुंदीसाठी हा आकडा साधारण ५६ हर्ट्झ येतो, पंधरा फूट लांबीसाठी ३८ आणि साडेनऊ फूट उंचीच्या स्लॅबसाठी ५९. रुंदी आणि उंची जवळपास सारखी असल्यामुळे दोन फुगवटे एकमेकांवर बसतात. लांबीचा दुसरा फुगवटा ७५ हर्ट्झच्या आसपास येतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला लागते, हे लक्षात घेतले म्हणजे खोली नेमकी कोठे ढवळाढवळ करते ते कळेल. खोली चौरस असेल तर दुखणे आणखी वाढते.

म्हणून लहान खोलीसाठी पहिला विचार लहान स्पीकरचाच करावा. पाच ते साडेसहा इंची वूफर असलेला, स्टँडवर ठेवण्याजोगा स्पीकर पुरेसा होतो. ही तडजोड आहे असे मानण्याचे कारण नाही. बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७०च्या दशकात बाह्यध्वनिक्षेपणाच्या गाड्यांमधील चिंचोळ्या जागेसाठी ‘एलएस३/५ए’ हा जेमतेम फूटभर उंचीचा, सुमारे पाच लिटर आकारमानाचा स्पीकर घडविला. अगदी खालचे स्वर त्याच्या आवाक्यात नव्हते. पण मानवी कंठ इतका खरा उमटे, की पुढे अनेक कंपन्यांनी परवाना घेऊन तो बनविला आणि आजही त्याच्या आवृत्त्या निघतात. ज्यांच्या संग्रहात मुख्यत्वे ख्याल, ठुमरी, नाट्यपद आणि भावगीत आहे, त्यांना याहून अधिक काय हवे? अब्दुल करीम खाँ यांच्या ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकांत तर मुळातच खालचे स्वर फारसे नाहीत.

पेटी बंद आहे की तिला हवेसाठी छिद्र आहे, हे अवश्य पाहावे. मागे छिद्र असलेला स्पीकर भिंतीला चिकटवला तर घुमतो. बंद पेटी किंवा पुढे छिद्र असलेली पेटी त्या मानाने सोशिक असते. काही उत्पादक छिद्रात बसवायला स्पंजचा बोळा देतात. तो फेकून देऊ नये.

‘किती वॅटचा?’ हा दुकानातील पहिला प्रश्न असतो आणि तो सर्वांत कमी उपयोगाचा आहे. एकेकाळी खोक्यांवर हजार-हजार ‘पीएमपीओ वॅट’ छापलेले असत. त्या आकड्यांना काहीच अर्थ नव्हता. संवेदनक्षमता किती डेसिबल आहे ते विचारावे. ८९ डेसिबलच्या स्पीकरमधून जो आवाज निघतो, तोच ८६ डेसिबलच्या स्पीकरमधून काढायला अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती दुप्पट लागते. शिवाय ओहमचा आकडा चार असेल तर आपला अ‍ॅम्प्लिफायर तो भार पेलतो का, याची खात्री करून घ्यावी. आपल्या दमट हवेत वूफरभोवतीची फोमची कडा काही वर्षांत भुसभुशीत होऊन गळते; रबराची कडा टिकते.

आता मांडणी. इथे पैसा लागत नाही, फक्त दोन तास आणि घरच्यांची संमती लागते. दोन्ही स्पीकर आणि श्रोता यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हावा. लहान खोलीत सहा-सात फुटांची बाजू पुरते. ट्वीटर कानाच्या उंचीवर असावा. सोफ्यावर बसणाऱ्यासाठी ही उंची तीन फुटांच्या थोडी वर येते, भारतीय बैठकीवर बसणाऱ्यासाठी अडीच फुटांच्या आसपास. शोकेसच्या वरच्या फळीवर किंवा लॉफ्टवर चढविलेला स्पीकर शोभेला ठीक, ऐकायला नव्हे.

कोपरा टाळावा. प्रत्येक भिंत खालच्या स्वरांना बळ देते आणि कोपऱ्यात दोन भिंतींसह जमीनही आपली भर घालते. मात्र भिंतीपासून दूर नेले की सगळे सुधारते, असेही नाही. स्पीकरचा दर्शनी भाग मागच्या भिंतीपासून दोन फुटांवर असेल तर भिंतीवरून परतणारी लहर १४० हर्ट्झच्या आसपास मूळ लहरीला खोडते आणि पुरुषी आवाजाचा भरदारपणा तेथे हरवतो. त्यामुळे टेप घेऊन तीन-तीन इंच सरकवत, ओळखीची एकच ध्वनिमुद्रिका पुन्हा पुन्हा ऐकावी. श्रोत्याची जागाही तितकीच महत्त्वाची. पाठ भिंतीला टेकली की खर्ज फुगतो. लांबीच्या ऐन मध्यावर बसले की ३८ हर्ट्झचा स्वर नाहीसाच होतो. सोफा भिंतीपासून फूटभर पुढे ओढला तरी फरक जाणवतो.

खोलीत उभे राहून एक टाळी वाजवावी. झणझणीत प्रतिध्वनी आला तर गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंती कारणीभूत आहेत. स्पीकर आणि श्रोता यांच्यामध्ये जाड सतरंजी, खिडकीला दुहेरी पडदे आणि मागच्या भिंतीला पुस्तकांचे भरलेले कपाट एवढ्यावर काम भागते. लोखंडी कपाटावरील हँडल आणि शोकेसच्या काचा खडखडतात का, तेही पाहावे.

केबलवर हजारो रुपये उधळणे मला पटत नाही. तीन-चार मीटरसाठी अडीच चौरस मिलिमीटरची चांगली तांब्याची वायर भरपूर झाली. तिची लाल-काळी टोके दोन्ही स्पीकरना एकाच रीतीने जोडली आहेत एवढे तपासावे. एक उलट जोडले गेले, तर खर्ज विरतो आणि गायक दोन स्पीकरच्या मध्ये न दिसता खोलीभर पसरतो.

सबवूफर घ्यायचाच असेल तर शेजाऱ्यांचा विचार आधी करावा. खालच्या स्वरांची कंपने स्लॅबमधून सहज खालच्या मजल्यावर उतरतात आणि दार बंद करून ती थांबत नाहीत. पेटीखाली जाड रबराचे पॅड ठेवल्यास थोडा उतार पडतो. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्रीच्या रागांसाठी हेडफोन जवळ असलेला बरा.