माझगावच्या भट्टीपाशी

डोळे मिटा. ठकठक ऐकू येतेय? भंडाऱ्यातली कासारांची आळी ही. तुम्ही इथलेच, पितळेत वाढलेले. जस्त जळून पांढरा धूर घशात उतरला की मूस ओतायला झाली, हे तुम्हाला न बघता कळतं. घागर तयार झाली की तिला टिचकी मारायची नि नाद ऐकायचा. बद्द वाजली, तर कुठेतरी चीर आहे.

आता उठा. भंडारा रोडहून गाडी धरायचीय. १९२८चा जून उजाडतोय, अंगाची लाही होतेय, तिसऱ्या वर्गाच्या डब्यातला लाकडी बाकही तापलाय. मुंबईत उतरलात की घामाची जातच बदलते. इथे तो वाळतच नाही. माझगावच्या गोदीत खारं वारं, कोळशाचा धूर, तेलाचा वास. इथे जहाजांची कामं चालतात. आज मात्र ओतशाळेत एक घोडा उलटा, पोकळ होऊन साच्यात थांबलाय. त्यावर छत्रपती शिवाजी महाराज.

भट्टीजवळ सरका. पापण्या करपतील, जपून. तांब्याच्या जोडीला इथे कथील आहे, पण रस तोच, उकळत्या गुळासारखा जड. तुमची मूस एका माणसाच्या सांडशीत मावते. पॅरिसच्या शिल्पकार दाविद दांजेनं कवी-कलावंतांचे चेहरे तळहाताएवढ्या ब्राँझ पदकांत उतरवले, पाचशेच्या वर. तेवढं एकेक पदक तुम्हीही ओताल. इथे साडेतेरा फूट पुतळा एकसंध ओतायचाय! मध्ये रस थिजला, हवा अडली, की सारी मेहनत भंगारात.

गर्दीत या पुतळ्याचा शिल्पकार, विनायक करमरकर, शोधा. सासवण्याचा हा मुलगा गावच्या देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराज काढून बसला होता. ऑटो रॉथफील्ड या इंग्रज कलेक्टरनं ते चित्र पाहिलं नि त्याला जे. जे. स्कूलची वाट दाखवली. पुढे कलकत्ता, लंडन. इतकं फिरून पुन्हा महाराजांपाशीच आलाय, मला त्याचं फार कौतुक वाटतं. मातीत चेहरा त्यानं घडवला. आता मात्र त्याच्या बोटांना काही काम नाही. सारं ओताऱ्यांच्या हाती.

रस सुटला! पांढरा-पिवळा लोळ नळीत शिरतो, साचा आतून घुमतो, हवेच्या भोकांतून ज्वाळा फुसफुसतात. गोंगाट एकदम थांबतो. शेजारच्यानं तुमचं मनगट घट्ट धरलंय, तो कोण तेही तुम्हाला ठाऊक नाही. मग एकेका भोकातून रस वर डोकावतो. म्हणजे आत भरलं, तळापासून माथ्यापर्यंत. कुणीतरी ओरडतं, नि सगळे ओरडतात.

साचा आज फुटणार नाही, निवायला हवा. तुम्ही कडेला टेकता, माती उबदार लागते, आणि टिचकीसाठी तुमचं बोट आपोआप दुमडतं.